उमेदवारी कुणाला परवडते?



शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या गटांच्या बैठकांना ठरलेले विषय असतात. रेशन, दारू, हक्कसोडपत्र, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटदाराच्या हाताखाली राबणाऱ्या बायकांचा पगार. यंदा त्यात एक नवा विषय शिरला आहे, आणि तो काही बाहेरून कुणी आणलेला नाही. आपल्याच घरांतल्या मुलींनी आणला आहे. परदेशी शिकायला गेलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या मुलींना तिथे बिनपगारी इंटर्नशिप करायला सांगतात. ती करावी की करू नये? व्हिसात ती बसते का? आणि तेवढे महिने खायचं काय?

या प्रश्नांवर संपादकीय लिहिण्याचं कारण सरळ आहे. फुकटचं काम हा बाईच्या आयुष्यातला सगळ्यात जुना विषय आहे. विमानात बसून तो बदलत नाही, फक्त त्याचं नाव इंग्रजी होतं.

आधी तीन हकिगती सांगते. नावं देत नाही, गावंही मोघमच ठेवते.

पहिली दौंडची. वडील रेल्वेत होते. मुलगी इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी करते आहे. विद्यार्थी व्हिसावर, अभ्यासक्रम चालू असताना, पदवी पातळीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तास काम करता येतं. ती १६ तास एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते, त्यावर तिचं भाडं निघतं. एका आरोग्य संस्थेनं तिला आठवड्याला ८ तासांची इंटर्नशिप देऊ केली. पगार नाही, पण वेळ ठरलेली, काम ठरलेलं, वरिष्ठ ठरलेला. तिला वाटलं, पैसे मिळत नाहीत तर हे कामात कशाला मोजतील? पण मोजतात. तिथला नियम सांगतो की बिनपगारी नोकरीसुद्धा त्या २० तासांतच धरायची. खरीखुरी स्वयंसेवा वेगळी. त्यात येण्या-जाण्याचं बंधन नसतं, कराराची जबाबदारी नसते आणि पगारी माणसाची जागाही भरली जात नाही. १६ आणि ८ मिळून २४ होतात. मर्यादा मोडली तर विद्यापीठाला ते सरकारला कळवावं लागतं आणि व्हिसा जाऊ शकतो. मुलीनं इंटर्नशिप सोडली. जिच्या जोरावर पुढची नोकरी मिळायची तो अनुभवाचा कागद गेला, भांडी तेवढी राहिली.

दुसरी शिरूर तालुक्यातली, घोड नदीकाठच्या गावातली. मुलगी जर्मनीत अन्नतंत्रज्ञान शिकते. तिकडे बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. मार्च २०२४ पूर्वी ही मर्यादा १२० दिवसांची होती. अभ्यासक्रमातच सक्तीची म्हणून लिहिलेली इंटर्नशिप या दिवसांत धरत नाहीत. पण आपण होऊन केलेली इंटर्नशिप, पैसे मिळोत न मिळोत, काम म्हणून धरतात. हिनं एका प्रयोगशाळेत तीन महिने बिनपगारी काम केलं. कामाचे साधारण ६५ दिवस वजा झाले, उरले ७५. आता त्या ७५ दिवसांच्या कमाईत वर्ष कसं काढायचं, हा हिशोब ती रात्री फोनवर आईला सांगते आणि आई बैठकीत आम्हाला.

तिसरी मुलगी अजून गेलेली नाही. हॉटेल व्यवस्थापनाची पदविका झालेली, घर शिरूरजवळ. एका एजंटानं तिच्या घरी कागद पाठवला: परदेशातल्या हॉटेलात सहा महिने इंटर्नशिप, विद्यावेतन नाही, राहणं-जेवण फुकट, एजंटाची फी दीड लाख. आत्ता टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देऊ. तिची आई तो कागद पिशवीत घालून बैठकीला घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, काम फुकटात करायचं आणि वर आपणच पैसे द्यायचे, हे मला काही उमजंना." त्या माउलीला व्हिसाचे प्रकार ठाऊक नव्हते. पण हिशोब तिला बरोबर कळला होता. टुरिस्ट व्हिसावर हॉटेलात राबणं म्हणजे, पगार असो वा नसो, बेकायदा काम. पकडलं तर मुलीला परत पाठवतात आणि तो शिक्का तिच्या पासपोर्टाची जन्माची सोबत करतो. एजंटाला काही होत नाही. मुलीला आम्ही जाऊ दिलं नाही, म्हणजे आईनंच जाऊ दिलं नाही. आम्ही फक्त तिच्या बाजूला बसलो.

आता या तिन्ही हकिगती शेजारी ठेवून बघा. फुकटचं काम हेही कामच असतं, हे सांगण्यात आपल्या चळवळीची किती वर्षं गेली! चूल, मूल, पाणी, गुरं, शेतातली खुरपणी, आजाऱ्याची सेवा, यातलं काहीच कुणी कामात धरत नव्हतं. जनगणनेच्या कागदावर अशी बाई 'काम न करणारी' म्हणून नोंदली जायची. आणि इकडे व्हिसाच्या कायद्यानं मात्र एका ओळीत मान्य करून टाकलंय की पगार नसला तरी काम ते काम. हे वाचून आपल्याला आनंद व्हायला हवा होता. पण नीट पाहिलं की लक्षात येतं, हे मान्य केलंय ते मोजण्यापुरतं, मोबदल्यासाठी नाही. तास मोजताना ते काम आहे. पैसे द्यायची वेळ आली की ते शिक्षण आहे. दोन्ही वेळा नुकसान मुलीचंच.

अमेरिकेत हा दुटप्पीपणा आणखी उघडा दिसतो. शिक्षण झाल्यावर तिथे विद्यार्थ्याला आपल्या विषयाशी संबंधित काम करायला १२ महिन्यांची मुदत मिळते. या मुदतीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. राहिलं तर परवानगी संपते. मग मुली काय करतात? आठवड्याला किमान २० तासांची बिनपगारी इंटर्नशिप धरतात, कारण सध्याच्या नियमात तीही नोकरी म्हणून चालते आणि दिवसांची मोजणी थांबते. फुकट राबा, नाहीतर परत जा. पण विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित यांतली पदवी असेल तर पुढे २४ महिन्यांची वाढ मिळते, आणि त्या काळात मात्र पगार दिलाच पाहिजे असा नियम आहे. म्हणजे पगाराशिवाय काम घेऊ नये हे त्या सरकारला कळतं. कळतं ते फक्त इंजिनियरच्या बाबतीत. समाजकार्य, शिक्षण, कला या शाखांतल्या मुलींना ती वाढही नाही आणि तो पगारही नाही.

इथे बाईपणाचा मुद्दा येतो. बिनपगारी प्रशिक्षण कुठे जास्त असतं? परिचारिका, सुईण, शिक्षिका, समाजकार्यकर्ती यांच्या शिक्षणात. सेवेचं काम म्हणजे बाईचं काम, आणि बाईचं काम म्हणजे मायेचं, त्याचे पैसे कसले? ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न लावून धरला. रुग्णालयात किंवा शाळेत आठवडेच्या आठवडे बिनपगारी काम करायचं म्हणून हातची नोकरी सोडावी लागते आणि उपासमार होते, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथल्या सरकारनं १ जुलै २०२५ पासून परिचर्या, प्रसूतिशास्त्र, शिक्षण आणि समाजकार्य याच चार क्षेत्रांतल्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणाच्या काळात आठवड्याला सुमारे ३३० डॉलर द्यायला सुरुवात केली. रक्कम गरजूंनाच मिळते, पण तत्त्व मान्य झालं. चळवळीनं काय होतं याचं हे उदाहरण. फक्त त्यातून बाहेरच्या देशांतून आलेल्या विद्यार्थिनी वगळल्या आहेत. शेजारच्या खाटेवर तेच काम करणाऱ्या आपल्या मुलीला त्यातलं काही मिळत नाही.

मग परवडतं कुणाला? ज्या घरात बाप सहा महिने पैसे पाठवू शकतो त्या घराला. त्या घरच्या मुलीला इंटर्नशिप मिळते, इंटर्नशिपमुळे नोकरी मिळते, आणि तिची हुशारी सगळ्यांना दिसते. दौंडच्या मुलीची हुशारी भांडी घासण्यात जाते आणि कुणाला दिसत नाही. गुणवत्ता म्हणतात ती अशी घडते.

आपल्या भागात परदेशी जाण्याचा पैसा उभा कसा राहतो, तेही बघू. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज सरकारी बँकांच्या नमुना योजनेत तारणाशिवाय मिळू शकतं, त्यापुढे तारण लागतं. शेतजमीन, मग ती बागायत का असेना, बँका सहसा तारण म्हणून घेत नाहीत. गावठाणातलं घर किंवा पुण्यातला फ्लॅट लागतो, आणि तो बापाच्या, चुलत्याच्या किंवा भावाच्या नावावर असतो. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. देशानं २००५ साली दिला. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात नसले तरी हा हक्क मिळतो, हेही सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण तलाठ्याच्या कार्यालयाबाहेर आजही बहिणींच्या हक्कसोडपत्रांची रांग असते. मुलगी भावासाठी सही करते, आणि तिच्या स्वतःच्या शिक्षणाला तारण म्हणून त्याच घराचा कागद मागायची वेळ आली की तिला विनवण्या कराव्या लागतात. "लग्नाचं ठेवलंय ते शिक्षणात घालू, पण मग लग्नाला काही मागायचं नाही," असं एका मुलीला तिच्या मामानं माझ्यासमोर सांगितलं. तिनं ते मान्यही केलं. तिला वाटलं, सुटले. मला वाटलं, चला, निदान कर्जाचा कागद तरी तिच्या नावावर झाला.

ब्रिटनच्या व्हिसासाठी कर्जाचं पत्र नसेल तर फी आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते. जर्मनीसाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात आधी भरावे लागतात आणि तिथे गेल्यावर दरमहा थोडे थोडे मिळतात. एवढा पैसा दाखवणारं घर आपल्या गटात किती? म्हणून एजंट २८ दिवसांसाठी पैसे 'वापरायला' देतो आणि त्याचं व्याज घेतो. ते व्याजही बहुतेक वेळा आईच्या डोरल्यातून जातं.

आपल्याकडच्या बायका शिकायला परदेशी गेल्या त्याला आता १४० वर्षं उलटली. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. रखमाबाई नवऱ्याविरुद्धचा खटला लढून १८८९ साली लंडनला गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्या. त्या काळी विद्यार्थी व्हिसा नावाची चीज नव्हती. आनंदीबाईंना रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी घरात ठेवून घेतलं, रखमाबाईंच्या मागे मदत करणारी माणसं उभी राहिली. दोघींची जिद्द तर मोठीच. पण जिद्दीच्या पाठीशी कुणाचं तरी घर आणि कुणाचा तरी पैसा होता, हे आपण कौतुक करताना विसरतो. आज घराच्या जागी बँकेचा उतारा आला आहे. तो ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी सरकारनं उभं राहायला हवं. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत, महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. या योजना आपल्या गटांनी गावागावांत सांगायला हव्यात. आणि अशा शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलीला अभ्यासक्रमातल्या बिनपगारी प्रशिक्षणाच्या काळात निर्वाहभत्ता अडू नये, ही मागणीही करायला हवी.

परदेशाकडे बोट दाखवताना आपल्या अंगणातही पाहू. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांमधून 'उमेदवार' असत. पुढेमागे जागा मिळेल या उमेदीवर बिनपगारी काम करायचे, म्हणून उमेदवार. ज्याच्या घरी भाकरीची सोय होती तोच उमेद धरू शकायचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं ती पद्धत निदान कारखान्यांपुरती मोडली, विद्यावेतन सक्तीचं केलं. २०१९ च्या दुरुस्तीत ते शिक्षणानुसार दरमहा किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरलं. रांजणगावच्या कंपनीत शिकाऊ म्हणून लागलेल्या आयटीआयच्या मुलाला ते मिळतं. पण बी.एड. करणारी त्याची बहीण शाळेवर आठवडेच्या आठवडे शिकवते, तिला काही नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना चार श्रेयांकांचं 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं. ते कुठे करायचं? बहुतेक पुण्यात. शिरूरला रेल्वे नाही, ७० किलोमीटरच्या आसपास एस.टी.नं किंवा वडापनं जायचं. दौंडच्या मुलींना गाडी आहे, पण अंधार पडल्यावर स्टेशनवरून घरी कसं जायचं हा प्रश्न आहेच. २०२४ पासून राज्यानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक व सामाजिक मागास आणि इतर मागास मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली, हे चांगलं झालं. पण फी माफ झाली म्हणून भाडं, डबा आणि खोली माफ होत नाही.

आणि आपल्या स्वतःच्या संस्था? समाजकार्याच्या विद्यार्थिनी आपल्याकडे क्षेत्रकार्याला येतात, अहवाल लिहितात, सर्वेक्षण करतात. भारत सरकारच्या 'इंटर्न व्हिसा'वर परदेशी मुलीही येतात. कंपनीत येणारीला किमान मोबदल्याची अट आहे, स्वयंसेवी संस्थेत येणारीला ती नाही. चळवळीकडे पैसा नसतो हे खरं. पण समान वेतनाचा फलक धरणाऱ्या हातांनी निदान प्रवासखर्च आणि जेवण द्यावं, एवढं तरी आपण ठरवू शकतो. कायदा इथे आपल्या बाजूला आहे, तोही विसरू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी काम करणारी बाईसुद्धा कर्मचारी म्हणून धरली आहे. पगार नाही म्हणून तक्रार घेणार नाही, असं कुणालाही म्हणता येत नाही.

एजंटांबद्दल स्वतंत्र बोललं पाहिजे. नोकरीसाठी माणसं परदेशी पाठवणाऱ्या दलालाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते, सरकारकडे हमीची रक्कम ठेवावी लागते. पण 'शिक्षण' आणि 'इंटर्नशिप' असा फलक लावला की तो या चौकटीबाहेर जातो. पंजाबनं २०१२ साली अशा एजंटांना आणि सल्लागारांना परवाना सक्तीचा करणारा राज्याचा कायदा केला. तो पाळला किती जातो हा वेगळा प्रश्न, पण बोट ठेवायला कलम तरी आहे. महाराष्ट्रातही तसा कायदा हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी १०,००० कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून गावोगावी 'जर्मनी'चे फलक लागले आहेत. मुलींनी हे जाणून घ्यावं की जर्मनीत परिचारिकेचं तीन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण पगारी असतं. तिथे जर्मन मुलीला शिकताना पैसे मिळतात आणि आपल्या मुलीलाही मिळायला हवेत. त्याच देशाच्या नावाखाली कुणी बिनपगारी 'ट्रेनिंग' विकत असेल तर तिथेच थांबा.

तर आपण काय करायचं? प्रत्येक गटानं निदान एवढं करावं. कुठलीही मुलगी सही करण्याआधी पाच गोष्टी लेखी मागून घ्या: व्हिसाचा नेमका प्रकार कोणता, त्या व्हिसावर बिनपगारी काम कामात धरतात का, इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची आहे की ऐच्छिक, तास, काम आणि वरिष्ठ कोण, अपघात झाला तर विमा कुणाचा. उत्तर एजंटाचं धरू नका. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचं धरा, ते पत्रानं येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. गेलेल्या मुलीनं परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर आपली नोंद करावी. आणि पासपोर्ट कुणाच्याही हातात, मालकाच्या तर मुळीच नाही, ठेवायला देऊ नये.

मोठ्या मागण्या तीन. प्रशिक्षण सक्तीचं असेल तर विद्यावेतनही सक्तीचं करा, मग ते रांजणगावात असो, पुण्यात असो की सरकारनं केलेल्या करारातून परदेशात असो. शिक्षणाच्या नावानं मुली पाठवणाऱ्या एजंटांची नोंदणी करा. आणि आपलं सरकार इतर देशांशी विद्यार्थ्यांविषयी बोलणी करतं तेव्हा त्यात हा साधा प्रश्न ठेवा: जे काम तुम्ही आमच्या मुलीच्या तासांत मोजता, त्याचे पैसे का देत नाही?

मुलींनी जाऊ नये असं मी म्हणत नाही. जरूर जावं. ज्या गावात बाईनं तालुक्याला एकटीनं जायचं म्हटलं तरी चार माणसं विचारतात, त्या गावातून मुलगी समुद्रापार जाते ही लहान गोष्ट नाही. पण तिनं कर्ज काढून, आईचं डोरलं मोडून, वर फुकट राबायला जावं, हे आपण मुकाट्यानं पाहायचं कारण नाही. तुमच्या गावातून कुणी गेली असेल, जायला निघाली असेल, तर तिला हा अंक द्या. तिचा अनुभव तिच्याच शब्दांत आमच्याकडे पाठवा. हिशोबासकट पाठवा. किती तास राबली, किती मिळाले, किती गेले. बाईच्या फुकट कामाचा हिशोब आजवर दुसऱ्यांनी मांडला, तो आता आपला आपण मांडू.